सातबाऱ्यावर नाव लागलं, आता काय राहिलं? जमिनीच्या कागदांत होणाऱ्या या चुका टाळा

जमीन घेतली की लोक पेढे कधी वाटतात? खरेदीखतावर अंगठा उठला, फोटो निघाला, पावती हातात आली त्याच संध्याकाळी. खरं तर तेव्हा एकतृतीयांश काम झालेलं असतं. महाराष्ट्रात जमिनीचा कागद तीन कचेऱ्यांतून फिरतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार ही साखळी सातबारा सांभाळते. (तलाठ्याचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे, पण गावात अजून कुणी तसं म्हणत नाही.) तिसरं भूमी अभिलेख, त्यांच्याकडे नकाशा आणि मोजणी. तिघेही शेवटी महसूल विभागाच्याच छताखाली, तरी एकाने केलेलं दुसरा तपासून पाहीलच असं नाही. मी नात्यागोत्यातल्या लोकांचे कागद वाचून देतो. त्यांत दिसलेल्या बहुतेक चुका या तीन खिडक्यांच्या मधल्या फटीत पडलेल्या असतात.

सातबाऱ्याला मालकीचा दाखला समजणे

ही सगळ्या चुकांची आई. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी सुरू केली, ती सारा ठरवण्यासाठी. कोणत्या तुकड्याचा सारा कुणाकडून घ्यायचा, हा त्या दप्तराचा मूळ प्रश्न. हक्कनोंद त्यात नंतर, १९०३ च्या कायद्याने आली. आजचा गाव नमुना सात आणि बारा त्याच वंशाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की हक्कनोंदीतली नोंद खरी धरायची, पण ‘उलट सिद्ध होईपर्यंत’. नुसत्या फेरफाराने, म्हणजे दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून आजवर कितीदा तरी सांगितलं आहे.

मग नोंदवलेलं खरेदीखत म्हणजे तरी पक्की मालकी? तेही नाही. दुय्यम निबंधक पाहतो तो दस्त: मुद्रांक भरला का, सही करणारा हाच का, साक्षीदार आहेत का. विकणाऱ्याकडे विकायला काही होतं का, हा त्याचा प्रश्न नव्हे. तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच स्पष्ट केलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्सने आणलेल्या पद्धतीत नोंदवहीतल्या नावाची हमी सरकार घेतं. आपल्याकडे तशी हमी नाही. आपल्याकडे दस्तांची साखळी असते, आणि ती तपासायची जबाबदारी घेणाऱ्याची.

म्हणून नुसता आजचा सातबारा पाहून इसार देऊ नका. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात. त्यांतला प्रत्येक फेरफार काढून उलट्या दिशेने वाचत जा: हे नाव कसं आलं, आधीचं नाव कशाने कंसात गेलं, म्हणजे कमी झालं, मध्ये वाटणी झाली की बक्षीसपत्र. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. शेतजमिनीत मी म्हणेन, १९५० च्या दशकापर्यंत मागे जा. कारण १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी कुळ असलेला माणूस कायद्याने मालक ठरला आणि पुढची कित्येक भांडणं त्या एका तारखेपाशी येऊन थांबतात.

‘इतर हक्क’ न वाचणे

सातबाऱ्याच्या डावीकडे नावं असतात, सगळे ती वाचतात. उजवीकडे ‘इतर हक्क’ असतात, ते कुणी वाचत नाही. सोसायटीच्या कर्जाचा इकरार, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणीचा हक्क, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे बसलेलं असतं. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं बेबाकी पत्र तलाठ्याकडे देऊन त्याचा फेरफार करून घ्यावा लागतो. वडिलांनी फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलाच्या विक्रीच्या वेळी समोर येतो तो यामुळेच.

भूधारणा पद्धतही सातबाऱ्यावरच, वरच्या बाजूला असते. ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं की थांबा. वतनाची, सिलिंगमधून (कमाल जमीनधारणा कायद्यातून) वाटलेली, सरकारने प्रदान केलेली जमीन, जिला जुनी माणसं नवीन शर्तीची म्हणतात, ती परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार उलटू शकतो आणि पैसे अडकतात. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला २०१४ च्या दुरुस्तीने सवलत दिली: कलम ३२-म च्या, म्हणजे कुळाच्या खरेदीच्या, प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (साऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून व्यवहार करता येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने ‘ओळखीत’ घेऊन टाकणं, या वाटेला जाऊच नका. तिथे जमीन महसूल संहितेची कलम ३६ आणि ३६-अ उभी आहेत.

नोटरी, साठेखत आणि ‘नंतर करू खरेदी’

नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून गुंठे विकणाऱ्यांचा धंदा शहरांच्या कडेला जोरात चालतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरी फक्त सही झाल्याची साक्ष देतो. साठेखत म्हणजे विकण्याचा करार, विक्री नव्हे. आणि कुलमुखत्यारपत्र, करार, मृत्युपत्र असा जुडगा करून केलेली ‘विक्री’ मालकी देत नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालात ठरून गेलं आहे.

इथे तुकडेबंदीही आडवी येते. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं बरंच खाली आलं. त्यानंतरही या कायद्यात हालचाल चालू आहे, तेव्हा एजंटाच्या तोंडी हवाल्यावर न जाता तुमच्या गटाला आज काय लागू आहे ते तहसीलमध्ये विचारा.

आणखी एक: दस्तावर सह्या करून तो कपाटात ठेवून देणारे असतात. सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला दाखल करावा लागतो. त्यापुढे आणखी चार महिने मिळतात, पण दंडासह, तोही नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

खरेदी झाली आणि फेरफाराकडे पाठ फिरवली

दस्त नोंदवला की त्याची माहिती आता ऑनलाइन तलाठ्याकडे जाते, अर्ज करावा लागत नाही. त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण त्यानंतर नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मध्ये कुणी हरकत घेतली तर नोंद विवादग्रस्त होते, सुनावणी लागते, तारखेला तुम्ही हजर नसाल तर नोंद नामंजूरही होते. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, तुम्ही पिंपरीत किंवा ठाण्यात. दस्तात चालू पत्ता आणि मोबाइल नंबर नीट लिहा, आणि महिन्याभराने महाभूमीच्या संकेतस्थळावर फेरफाराची स्थिती स्वतः बघा. तिथला फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीपुरता असतो. बँकेत किंवा कोर्टात द्यायचा तर १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा काढा.

वारसनोंद: ‘घरातलंच तर आहे’

घरातला कर्ता गेला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. प्रत्यक्षात आजोबांचं नाव नातवाचं लग्न होईपर्यंत तसंच राहतं. मग एकाच्या जागी तीन पिढ्यांचे मृत्यू दाखले गोळा करा, पुण्याच्या आत्याचे, सुरतेच्या चुलत्याचे. हे इतकं साचलं की बुलडाण्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम सरकारने २०२५ मध्ये राज्यभर नेली.

त्याहून मोठी चूक म्हणजे बहिणींची नावं वगळणे. ‘त्या काही मागत नाहीत’ हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकलं आहे. मागत नसतील, पण हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी, आणि दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला तिचे वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं. वारस ठरावात तिचं नाव लपवलं म्हणून तिचा हिस्सा संपत नाही, फक्त पुढच्या खरेदीदाराच्या मागे दावा लागतो. बहीण खरंच सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. तलाठ्यासमोरचा जबाब किंवा साध्या कागदावरची संमती चालत नाही. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं, हेही लक्षात घ्या. भावाच्या मुलाला द्यायचं असेल आणि भाऊ हयात असेल, तर तिथे बक्षीसपत्र लागेल.

आर, गुंठा आणि एकर यांची खिचडी

बोलताना आपण एकर-गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहितो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे १०१.१७. फरक किरकोळ वाटतो, म्हणून एक एकराला सर्रास ‘०.४०.००’ लिहिलं जातं. खरं तर एकर म्हणजे ४०.४७ आर. पाच एकरांच्या व्यवहारात हा फरक दोन गुंठ्यांच्या वर जातो. पुण्याच्या आसपास दोन गुंठ्यांत माणसं बंगला बांधतात. क्षेत्र आकारबंदाशी, म्हणजे भूमी अभिलेखकडच्या मूळ क्षेत्राच्या तक्त्याशी, जुळतं का हेही पाहा. न जुळल्यास पुढची पोटविभागणी अडते.

जमिनीवर जाऊन न बघणे

कागदावर गट असतो, बांधावर शेजारी. खरेदीच्या आधी मोजणी करून घ्या. खर्च वाचवायला नंतर केली आणि शेजाऱ्याने एक पट्टा दाबलेला निघाला, तर विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. मोजणीचा निकाल मान्य नसेल तर निमताणा, म्हणजे फेरतपासणीची, मोजणी मागता येते. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा.

चूक सापडली, आता कुठल्या दारात?

इथे माणसं सगळ्यात जास्त चपला झिजवतात. आमच्याच काकांच्या उताऱ्यावर हस्तलिखितात असलेलं नाव संगणकात एका अक्षराने बदललं होतं. पीककर्ज अडलं तेव्हा कळलं. चार हेलपाटे झाले, कारण आम्ही नुसता अर्ज नेत होतो. पाचव्यांदा जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफाराची प्रत जोडली, तेव्हा काम पुढे सरकलं.

लेखनाची चूक असेल, म्हणजे आधीच्या प्रमाणित कागदात बरोबर आणि आताच्यात चूक, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. सोबत ‘बरोबर’ दाखवणारा जुना कागद हवाच. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल तर ते १५५ चं काम नाही, तिथे त्याच संहितेच्या कलम २४७ चं अपील. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदाराच्या आदेशावर मुदत साठ दिवसांची. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज कारणासह जोडावा लागतो. आणि खरा वाद ‘जमीन कुणाची’ हा असेल तर महसूल कोर्टात वर्षं घालवू नका, दिवाणी न्यायालय गाठा. तिथला हुकूमनामा आला की सातबारा त्यामागे येतो. लोक करतात उलट: प्रांतांपासून मंत्रालयापर्यंत फेरफार लढवतात, आणि शेवटी तिथूनच त्यांना दिवाणीत जायला सांगितलं जातं. गावठाण किंवा शहरातल्या जागेचा कागद सातबारा नसून मिळकत पत्रिका असेल, तर हे सगळं भूमी अभिलेखच्या साखळीत चालतं. गोव्यात तर कागदच वेगळा, एक-चौदाचा उतारा, आणि त्याच्यामागे पोर्तुगीज काळातली दप्तरं.

परदेशात असलेल्यांसाठी दोन शब्द. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येते. विकायला भावाला कुलमुखत्यार करायचं असेल तर ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करा, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या. तुम्ही खरेदीदार असाल आणि समोर मुखत्यार बसला असेल, तर मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सहसा संपतं, हे ध्यानात ठेवा. तो हयात आहे असं घोषणापत्र दस्ताला जोडलेलं असतं खरं, पण त्यावर सही मुखत्याराचीच असते. दस्ताच्या दिवशी सकाळी मूळ मालकाला एक व्हिडिओ कॉल लावा.