केबिनमधली हवा आणि कार्डावरचा ठिपका

विमान शिकायला लागल्यावर सगळं लक्ष योक, थ्रॉटल आणि रेडिओवर असतं. माझंही तसंच होतं. पॅनेलच्या खालच्या कडेला ‘केबिन एअर’ आणि ‘केबिन हीट’ असे दोन नॉब होते. गरम झालं की एक ओढायचा, थंडी वाजली की दुसरा, एवढीच माझी समज.

मी सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर शिकले. या विमानात सहसा एसी नसतो. उन्हात उभ्या विमानाची केबिन भट्टीसारखी तापते, आणि व्हेंटमधून हवा जोरात येते ती विमान वेगात असताना. म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, आम्ही खिडकी उघडी ठेवायचो आणि टेक-ऑफआधी दार-खिडक्या लागल्याची खात्री करायचो. वर गेल्यावर मात्र दर हजार फुटांना साधारण २ अंशांनी गारवा वाढतो. जुन्या १७२ मध्ये पंखाच्या मुळाशी प्लास्टिकची नळीसारखी व्हेंट असतात. ती ओढताना एकदा अख्खी नळीच माझ्या हातात आली. सर हसले, म्हणाले, “लाव परत, सगळ्यांच्या हातात येते ती.”

प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, या व्हेंटच्या बाहेरच्या तोंडात बघत जा. गांधीलमाशीला घर करायला ती जागा फार आवडते.

पावसाळी सकाळी दोघांच्या श्वासाने काच धुरकट होते. जमिनीवर इंजिन मंद चालत असल्याने काचेवर सोडायची डीफ्रॉस्टची हवा जेमतेम कोमट असते, तेव्हा खिडकी किंचित उघडा आणि थोडी वाट बघा. काच अ‍ॅक्रिलिकची असते. कागदाने पुसलीत तर ओरखडे कायमचे, त्यामुळे मऊ स्वच्छ कापड जवळ ठेवा.

हीटचा नॉब मला खऱ्या अर्थाने कळला तो एका थंड सकाळी. मी तो पूर्ण बाहेर ओढून बसले होते. वीसेक मिनिटांनी कपाळ ठणकायला लागलं. मला वाटलं, झोप झाली नसेल. सरांनी दिलेली उंची मी दोनदा विसरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पॅनेलवर चिकटवलेल्या छोट्या कार्डाकडे. त्यावरचा नारिंगी ठिपका काळपट झाला होता.

“हीट आत ढकल. व्हेंट सगळी उघड. खिडकीसुद्धा.”

एवढं बोलून त्यांनी विमान स्वतःकडे घेतलं आणि आम्ही जवळच्या धावपट्टीवर उतरलो.

अशा विमानात हीटची हवा एक्झॉस्टच्या मफलरभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून फिरून गरम होते. मफलरला चीर पडली की त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे खिडकी उघडली म्हणून डोकं लगेच ताळ्यावर येत नाही. त्याला तास लागतात. मेकॅनिकने आवरण काढलं तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर सापडली.

हाच गॅस लागला की त्या कार्डावरचा ठिपका काळपट होतो. कार्डाला मुदत असते. पाकीट फोडल्याची तारीख त्यावरच लिहा. माझं मत विचाराल तर आवाज करणारा डिजिटल डिटेक्टर घ्या. डोकं जड झालेला माणूस ठिपक्याकडे बघायचंच विसरतो, हे मी स्वतःवरून सांगते. रन-अपला, म्हणजे टेक-ऑफआधी इंजिन तपासताना, विमानाचं नाक वाऱ्याकडे ठेवा आणि चालू इंजिनाच्या विमानामागे चिकटून उभे राहू नका, नाहीतर एक्झॉस्टचा धूर केबिनमध्ये येतो.

नवख्यांचा गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीत. गॅसचा संशय आला की हीट बंद आणि ताजी हवा पूर्ण उघडी. पण इंजिनला आग लागली तर हीट आणि केबिन एअर दोन्ही बंद, कारण ती हवा इंजिनाच्या बाजूने येते. पंखातली व्हेंट उघडी चालतात. केबिनमध्येच आग असेल तर तीही बंद, आग विझेपर्यंत. विझल्यावर धूर घालवायला सगळी उघडायची. विमानागणिक थोडा फरक असतो, म्हणून आपल्या विमानाच्या पुस्तिकेतला क्रम पाठ करा. मी तो जमिनीवर, इंजिन बंद असताना, डोळे मिटून नॉब चाचपत घोकला. पहिल्या दिवशी तीनदा हीटऐवजी एअर ओढला.