काल्पनिक देशाचे सुरक्षा दल रचताना

कादंबरीसाठी काल्पनिक देश उभा करणारे लेखक त्या देशाच्या उच्चपदस्थांना संरक्षण देणारे दल बहुधा गणवेश आणि बोधचिन्हापासून रचू लागतात. या गोष्टी शेवटी ठरवल्या तरी चालतात. असे दल स्थापन करण्याची वेळ त्या देशावर का आली, हे मात्र आधी ठरवावे.

या कारणामागे बहुधा एखादी हत्या असते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या त्यांच्याच बंदोबस्तावरील दोन पोलिसांनी केली आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधानांच्या रक्षणासाठी एसपीजी हे खास दल उभे राहिले. त्यासाठीचा स्वतंत्र कायदा मात्र १९८८ मध्ये झाला. अमेरिकेची सिक्रेट सर्व्हिस १८६५ मध्ये खोट्या नोटा पकडण्यासाठी निघाली होती. १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ले यांची हत्या झाल्यावर तिच्याकडे अध्यक्षांच्या रक्षणाचे काम आले, तरी २००३ पर्यंत ती अर्थखात्यातच राहिली. अशी एखादी विसंगती आपल्या दलातही ठेवावी, कारण खऱ्या संस्था एकाच आराखड्यावर बांधल्यासारख्या कधीच नसतात.

दुसरा प्रश्न संरक्षण कोणाला आणि कधीपर्यंत, हा असून माझ्या मते कथेचा खरा ऐवज इथेच आहे. १९८८ च्या कायद्याचे कवच पदावरील पंतप्रधान आणि त्यांच्या कुटुंबापुरते होते. १९८९ मध्ये सत्ता गेल्यावर राजीव गांधींचे ते कवच गेले, २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर कायद्यात माजी पंतप्रधानांचा समावेश करण्यात आला. २०१९ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती पुन्हा आवळली व माजी पंतप्रधानांसाठी पद सोडल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. आपल्या देशाच्या कायद्यातील हे एक कलम शब्दशः लिहून पाहावे. मुदत कोणासाठी वाढवली आणि कोणाची नाकारली, यावरून तिथले राजकारण आपोआप दिसू लागते.

त्यानंतर स्थानिक पोलिसांशी असलेली कामाची वाटणी ठरवावी. आपल्याकडे पंतप्रधानांच्या अगदी निकटची सुरक्षा एसपीजी पाहते, तर रस्ते, गर्दी आणि बाहेरचा बंदोबस्त राज्याच्या पोलिसांकडे असतो. त्यामुळे ताफ्याच्या रंगीत तालमीत सभामंडपाचे कोणते दार बंद ठेवायचे, यावरून केंद्राचा अधिकारी आणि गावचा फौजदार यांच्यात झालेला वाद हा गोळीबारापेक्षा जास्त खरा वाटणारा प्रसंग ठरू शकतो. दलात माणसे कायमची भरती होतात की इतर दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात, हेही ओघात सांगून टाकावे.

नावासाठी परभाषेतील नावांची भाषांतरे करू नयेत. मराठेशाहीत धन्याच्या थेट हुकमतीखालील फौजेला हुजुरात म्हणत. तुमच्या काल्पनिक देशाच्या इतिहासातूनही असाच एखादा जुना, वापरून गुळगुळीत झालेला शब्द निघायला हवा.