कामात तंद्री लागत नाही? या चुका टाळा

तंद्री लागत नाही म्हटलं की लोक आधी नोकरीला दोष देतात, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. भान हरपून काम होतं त्या अवस्थेला मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी फ्लो नाव दिलं, त्यांच्या 1990 च्या पुस्तकात असेंब्ली लाइनवरचा एक कामगार आहे, त्याला एका युनिटला 43 सेकंद मिळायचे आणि तेच काम दिवसात जवळपास 600 वेळा. दुसरा कोणी वैतागून गेला असता, पण याने कुठलं टूल कुठे ठेवायचं, हात कसा फिरवायचा हे सगळं बसवत नेलं आणि पाच वर्षांत दिवसभराची स्वतःची बेस्ट सरासरी 28 सेकंदांवर आणली. काम तेच, साहेब तेच!

दुसरी चूक, कंटाळा आणि टेन्शन दोन्हीवर एकच औषध, ते म्हणजे ब्रेक घेणं. अहो, कंटाळा येतो कारण काम तुमच्या स्किलपेक्षा सोपं झालंय, तिथे स्वतःच टार्गेट वाढवा. छातीत धडधडत असेल तर उलट, काम झेपत नाहीये, म्हणून तुकडा लहान करा किंवा सरळ कुणाकडून तरी शिकून घ्या.

मग फीडबॅक, म्हणजे काम नीट होतंय का हे लगेच कळणं. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना बघा, बाही जोडताना कापड जरा खेचलं गेलं की तिथेच चुणी दिसते, लगेच उसवून परत टीप मारतात, कुणी सांगायला लागत नाही. सर्जनलाही हात चालू असतानाच कळतं. ऑफिसवाल्यांना मात्र वर्षातून एकदा अप्रेझल, मग तंद्री लागणार कशी? म्हणून रिपोर्ट असो की कोड, छोटा भाग झाला की लगेच तपासा, टेस्ट चालवा, शेजारच्याला दाखवा.

मोबाइलचं सगळ्यांना माहितीये, पण एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर उडी मारली तरी डोकं पहिल्यातच अडकून राहतं, संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये हे प्रयोगातून दाखवलंय. उठावंच लागलं तर पुढची स्टेप कागदावर लिहून उठा.

आणि वॉर्डातली नर्स, रिसेप्शनवरची मुलगी यांनी दोन तास सलग तंद्री लागत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये, त्यांच्या कामात मध्येच हाक येणारच. एक ड्रेसिंग, एक पेशंट, तेवढंच पूर्ण लक्ष देऊन करा. तंद्री तेवढ्यातही लागते.