मोठी स्पर्धा भरवताय? मग लोकांच्या पदरात काय पडणार ते आधी ठरवा

मोठी स्पर्धा मिळाली की स्टेडियम, रस्ते, पाहुणे, उद्घाटन यातच सगळे गुंततात आणि लोकांना कायमचं काय मिळणार हा विषय शेवटच्या मीटिंगला निघतो, तोवर पैसेही संपलेले असतात आणि माणसंही थकलेली. म्हणून हे काम यजमानपदाचा अर्ज भरतानाच सुरू करायचं.

सगळ्यात आधी दोन-तीनच गोष्टी ठरवा, पण नेमक्या. 'तरुणांना प्रेरणा मिळेल' असलं काही लिहू नका. अमुक वस्तीतल्या मुलींना स्पर्धेनंतर पाच वर्षं आठवड्यातून तीन दिवस पोहण्याचा तलाव फुकट, असं लिहा. आज तिथे किती मुली पोहतात तेही मोजून ठेवा, पुढे तोच आकडा दरवर्षी मोजायचा आणि कमी आला तरी जाहीर करायचा.

मग बांधकाम. रोज कोण वापरणार ते आधी बघा, स्पर्धेची सोय त्यावर बसवा. लंडनने 2012 च्या ऑलिम्पिकला पोहण्याच्या स्पर्धांसाठी साडेसतरा हजार खुर्च्या केल्या होत्या पण त्यातल्या बहुतेक तात्पुरत्या, नंतर काढून टाकल्या, अडीच हजारच ठेवल्या आणि 2014 पासून तिथे साधी माणसं पोहतात. उलट अथेन्समध्ये 2004 च्या ऑलिम्पिकनंतर कितीतरी मैदानं ओस पडली. त्यामुळे स्पर्धा संपल्यावर चावी कुणाकडे आणि लाइटबिल कोण भरणार, हे पायाभरणीच्या आधी लेखी घ्याच. क्रीडाग्रामची, म्हणजे खेळाडूंसाठी बांधलेली, घरं नंतर लोकांना देणार असाल तर 'परवडणारं भाडं' म्हणजे किती तेही करारात लिहा, तिथल्या लोकांच्या कमाईच्या हिशोबात, नाहीतर आधी राहणारेच बाहेर फेकले जातात.

आता खरं घोडं अडतं ते क्लबपाशी. टीव्हीवर मॅच बघून मुलं आपोआप खेळायला लागतात हा समज काढून टाका, बघून उत्साह येतो पण तो काही आठवडेच टिकतो. फायनल झाली की पुढच्या सोमवारी पोरं आईबापांना घेऊन जवळच्या क्लबच्या दारात येतात, आत एकच कोच असतो, नवशिक्यांची बॅच नसते, 'नाव लिहून जा, फोन करू' असं सांगतात आणि तो फोन कधी येत नाही. तिथेच ते मूल सुटतं. म्हणून स्पर्धेच्या वर्षभर आधीपासून कोच तयार करा, त्यांचं मानधन बजेटमध्ये धरा, आणि स्पर्धेनंतरच्या आठवड्यात नवशिक्यांच्या बॅचेस चालू असल्याच पाहिजेत. मुलींसाठी आणि अपंग मुलांसाठी वेळ, चेंजिंग रूम, येण्याजाण्याची सोय याचा विचार तेव्हाच करा, नंतर जागा उरत नाही.

स्वयंसेवकांकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नका. लंडनला 70 हजार होते! एवढी शिकलेली, हौशी माणसं एका शहराला परत कधी मिळणार? त्यांच्या फॉर्मवरच 'स्पर्धेनंतर इतर कामासाठी संपर्क करू का' हा प्रश्न टाका. ही परवानगी घेतली नाही तर पुढे ती यादी वापरता येत नाही. आणि ती सांभाळायला एक पगारी माणूस लागतोच. मँचेस्टरने 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेनंतर आपले स्वयंसेवक असेच जोडून ठेवले आणि ते शहरातल्या इतर कार्यक्रमांना उपयोगी पडले.

पैशाचं म्हणाल तर आयोजन समिती स्पर्धेनंतर बरखास्त होते, म्हणून या कामाला पहिल्या दिवसापासून वेगळी संस्था आणि वेगळं खातं ठेवा, त्यावर स्थानिक लोक आणि क्लबवाले घ्या. नफा झाला तर त्यातला किती तिकडे जाणार हेही आधीच ठरवा. लॉस एंजेलिसला 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये 23 कोटी डॉलरच्या आसपास शिल्लक राहिली, त्यातले 40 टक्के त्याच भागातल्या मुलांच्या खेळासाठी ठेवले आणि त्यातून उभी राहिलेली संस्था अजून क्लबना मदत करते.