सीडी कुठंही उघडली पाहिजे

परभणीत माझा फोटो स्टुडिओ. एकदा लग्नाची सीडी पुण्याच्या पाहुण्यांच्या मॅकवर उघडेचना. डिस्क फायनलाइज करायची, म्हणजे लिहून झाल्यावर बंद करायची, मीच विसरलो होतो. नवरीच्या मामानं फोनवर लई ऐकवलं.

आता लिनक्सवर के-थ्री-बी हे डिस्क बर्न करायचं, म्हणजे तिच्यावर फाइली लिहायचं, सॉफ्टवेअर वापरतो. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, आयएसओ ९६६०; सोबत लांब नावांसाठीच्या तिच्या जोडण्या जोलिएट आणि रॉक रिज, दोन्हींवर टिक. नुसत्या आयएसओच्या पहिल्या लेव्हलला नाव ८ अक्षरांचं, एक्स्टेन्शन ३ अक्षरांचं. 'हळदीचे फोटो परभणी' तिथं कुठं मावणार? जोलिएट विंडोजसाठी, त्यात ६४ अक्षरं बसतात, मराठीसुद्धा. रॉक रिज लिनक्ससाठी. मॅकला दोन्ही चालतात. एकच व्हिडिओ ४ जीबीच्या वर असला, तर डीव्हीडी घ्या आणि यूडीएफ ही दुसरी फाइल सिस्टिम निवडा.

बर्न लॅपटॉपवरच करा, आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही. व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं बरोबर उतरलं का ही तपासणी, झाल्याशिवाय डिस्क पाकिटात घालू नका.