घाट उतरताना गट कसा सांभाळावा : शरदातील कोकणची दुचाकी सफर

पाऊस परतल्यानंतर, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून, कोकणात उतरणारे घाट दुचाकीस्वारांना खुणावू लागतात. डोंगर अजून हिरवे असतात, ओहोळ पुरते आटलेले नसतात आणि घाटमाथ्यावर सकाळचा गारवा असतो. मात्र रस्ता याच दिवसांत सर्वांत फसवा असतो, कारण पावसाने डांबर उखडलेले असते, दरडींसोबत आलेली माती पूर्णपणे उचललेली नसते आणि सावलीतल्या वळणांवरचे शेवाळ वाळायला नोव्हेंबर उजाडतो. एकट्या स्वाराला हे सारे आपल्या बेताने पाहत जाता येते. गटातल्या स्वाराला मात्र पुढच्याला गाठण्याची ओढ लागते, आणि माझ्या मते गटाच्या सफरीतला सर्वांत मोठा धोका हाच आहे. म्हणून गटाची बांधणीच अशी करावी की कोणत्याही वळणावर कोणालाही घाई करण्याचे कारण उरू नये. पुढच्या सूचना त्याच दृष्टीने दिल्या आहेत.

प्रथम मार्ग ठरवावा. एका घाटाने उतरून दुसऱ्या घाटाने चढता येईल, असा वळसा सर्वांत चांगला. उदाहरणादाखल कोल्हापूरहून गगनबावडा, तिथून करूळ घाटाने वैभववाडी, पुढे तळेरे, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट चढून आजऱ्यामार्गे परत, असा बेत तीन दिवसांत आरामात पार पडतो. हाच प्रवास दोन दिवसांत उरकण्याचा मोह टाळावा, कारण समुद्राकाठचे अंतर नकाशावर थोडे दिसले तरी खाड्यांना वळसे घालत आणि वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ झाले. पुण्याकडून येणाऱ्यांना ताम्हिणी, वरंध किंवा आंबेनळी हे घाट जवळचे आहेत आणि कराडकडून येणाऱ्यांना कुंभार्ली. कोणताही घाट निवडला तरी निघण्याच्या आदल्या दिवशी तो चालू असल्याची खात्री स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा घाटाखालच्या एखाद्या हॉटेलात फोन करून अवश्य करावी. दरड कोसळल्यामुळे किंवा काँक्रिटीकरणाच्या कामासाठी घाट दीर्घकाळ बंद राहतात आणि मोबाइलवरचा नकाशा ते नेहमीच दाखवतो असे नाही.

तारखांबाबत माझे मत स्पष्ट आहे : दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दिवस निवडावेत. दिवाळीच्या सुट्टीत मालवण, दापोली, गणपतीपुळे येथे खोली मिळणे कठीण होते आणि घाटांत मोटारींची रांग लागते, त्यामुळे नवख्या चालकांच्या गाड्या ओलांडत जाण्याची पाळी गटावर येते. या दिवसांत दुपारनंतर वळिवासारख्या सरी आणि विजांचा कडकडाट होण्याची शक्यता असते. म्हणून सकाळी उजाडताच निघावे, घाट दुपारपूर्वी उतरून मोकळे व्हावे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. रात्री घाटातून किंवा आंबोली, दाजीपूरसारख्या जंगलाच्या भागातून दुचाकी नेऊ नये. तिथे गवे रस्ता ओलांडतात, आणि अंधारात काळसर अंगाचा गवा दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही.

गट पाच ते सात दुचाकींचा असावा. त्याहून अधिक जण येणार असतील तर सरळ दोन गट करावेत, दोघांचे पुढारी वेगळे नेमावेत आणि त्यांच्या निघण्यात अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. दहा-बारा गाड्यांची एकच रांग घाटात इतकी लांबते की मागून येणाऱ्या एसटीला ती ओलांडता येत नाही आणि तिच्या चालकाला भलत्या ठिकाणी पुढे काढण्याचा मोह होतो.

गटातील दोन जागा आधी ठरवाव्यात. सर्वांत पुढे मार्ग जाणणारा आणि स्वभावाने शांत असा स्वार असावा, तर सर्वांत मागे गटातील सर्वांत अनुभवी स्वार असावा, ज्याच्याकडे पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, सुटी क्लच केबल आणि प्रथमोपचाराची पेटी असेल. पुष्कळ गट नेमके उलट करतात आणि सर्वांत तरबेज स्वाराला पुढे काढतात. तो आपल्या सहज वेगाने निघून जातो आणि नवखे त्याच्यामागे फरफटतात. नवख्यांना पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवावे. म्हणजे पुढाऱ्याला आरशात त्यांचा वेग दिसतो आणि त्याप्रमाणे स्वतःचा वेग बेतता येतो. शेवटच्या स्वाराने चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट घालावे, जेणेकरून तो दुरूनही ओळखू येईल. त्याला कोणीही मागे टाकायचे नाही आणि पुढाऱ्याच्या पुढे कोणीही जायचे नाही, एवढे दोन नियम निघण्यापूर्वी सर्वांकडून कबूल करून घ्यावेत.

आता प्रश्न असा की एकमेकांवर नजर न ठेवता गट एकत्र राहणार कसा? त्यासाठी फाट्यावर माणूस उभा करण्याची पद्धत सर्वांत भरवशाची आहे. जिथे रस्ता फुटतो तिथे पुढारी हाताने खूण करतो. त्याच्या मागचा, म्हणजे दुसरा स्वार, फाट्यापाशी सर्वांना दिसेल अशा सुरक्षित जागी दुचाकी उभी करतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. शेवटचा स्वार दिसला की तो त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर हेच काम तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर असलेला स्वार करतो. अशा रीतीने कोणी दोन किलोमीटर मागे पडला तरी त्याची वाट चुकत नाही, आणि ते ठाऊक असल्यामुळे त्याला वेग वाढवावासा वाटत नाही. गगनबावड्यालाच याची प्रचिती येते. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन वेगळे घाट खाली उतरतात, आणि धुक्यात एखादा स्वार दुसऱ्या घाटाला लागला तर दरीत मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. दिशा दाखवणाऱ्याने मात्र शेवटचा स्वार येईपर्यंत, कितीही वेळ गेला तरी, जागा सोडायची नाही. दहा-पंधरा मिनिटांत शेवटचा आला नाही, तर मागे काहीतरी घडले आहे असे समजून पुढाऱ्याने गट थांबवावा आणि आपण परत वळावे.

याशिवाय तीस-चाळीस किलोमीटरवर एकत्र जमण्याची ठिकाणे आधी ठरवून सर्वांना लिहून द्यावीत. घाटाचा माथा आणि पायथा ही दोन्ही ठिकाणे त्यांत हवीतच. पेट्रोलसाठीचे थांबे सर्वांत लहान टाकीच्या दुचाकीवरून ठरवावेत आणि थांबल्यावर सर्वांनीच टाकी भरावी.

दुचाकीची तपासणी निघण्याच्या आठवडाभर आधी व्हावी, म्हणजे काही बदलावे लागले तर वेळ उरतो. ब्रेकचे पॅड किंवा लायनर, टायरची नक्षी, साखळीचा ताण, दिवे आणि हॉर्न एवढे पाहिले तरी बहुतेक काम होते. टायरमधील हवा गाडी थंड असताना, गाडीवरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. मागे कोणी बसणार असेल तर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा पाळावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे, आणि घाटात ते केवळ कायद्यासाठी घालायचे नसते. मागे बसणाऱ्याने वळणावर स्वाराच्या अंगाबरोबर झुकावे, उलट बाजूला ताठ होऊ नये, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

सरळ रस्त्यावर गटाने आडव्या-तिरप्या रचनेत चालावे, म्हणजे पहिला आपल्या मार्गिकेच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या अंगाला, तिसरा पुन्हा उजव्या. त्यामुळे प्रत्येकाला पुढचे दिसते आणि ब्रेक लावायला जागा मिळते. घाट सुरू होताच ही रचना मोडून एकामागे एक व्हावे, कारण वळणावर प्रत्येकाला मार्गिकेची पूर्ण रुंदी हवी असते. दोन दुचाकींमध्ये किमान दोन सेकंदांचे अंतर असावे आणि उतारावर ते तीन-चार सेकंदांपर्यंत वाढवावे. तासाला ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच दहा-पंधरा मीटर संपलेले असतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते.

वळणाबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की पुढच्या दुचाकीचा लाल दिवा पाहून वळण घेऊ नये. तो आपल्या वेगाने, आपल्या टायरवर, आपल्या अनुभवाने गेलेला असतो. आपली नजर वळण जिथवर उलगडलेले दिसते तिथपर्यंत न्यावी, वेग वळणाच्या आधीच कमी करावा, गियर आधीच उतरवावा आणि वळणातून हलक्या, स्थिर ॲक्सिलरेटरवर बाहेर पडावे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा. दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल, यापेक्षा जास्त वेग कधीही नसावा. पुस्तकी रीतीने डाव्या वळणावर मार्गिकेच्या उजव्या कडेला जाण्याचा सल्ला दिला जातो, म्हणजे पुढचे अधिक दिसते. आपल्या घाटांत मात्र समोरून एसटी किंवा ट्रक मधली रेघ ओलांडून येण्याची शक्यता धरून मार्गिकेच्या मध्यावर राहणेच मी श्रेयस्कर मानतो. उजव्या वळणावर डावीकडे राहावे, पण अगदी कडेला नको, कारण तिथे पावसाने वाहून आणलेली खडी साचलेली असते आणि खचलेल्या साइडपट्टीमुळे डांबराची कड वीतभर उंच राहिलेली असते.

केसाच्या पिनेसारख्या तीव्र वळणावर अवजड वाहनाला पूर्ण रस्ता लागतो. समोरून बस येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबून तिला जाऊ द्यावे. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ देणे हा नियमही आहे आणि शहाणपणही, कारण भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा हलवणे अवघड असते.

उतारावर दुचाकी न्यूट्रल करू नये. ज्या गियरमध्ये तो चढ चढावा लागला असता त्याच गियरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच वेग आवरून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. स्कूटरला ही सोय पुरेशी मिळत नाही. म्हणून गटात स्कूटर असेल तर करूळसारख्या लांब उतारावर मध्ये एक-दोनदा थांबून ब्रेक निवू द्यावेत. सतत ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा दोन्ही ब्रेक एकत्र लावून सोडणे, पुन्हा लावून सोडणे, असे करावे. जळका वास आला किंवा लिव्हर मऊ लागू लागला तर लगेच बाजूला थांबावे.

सकाळच्या उन्हाचाही विचार करावा. कोकणात उतरताना ऊन आपल्या पाठीशी असते, त्यामुळे आपल्याला स्वच्छ दिसते. समोरून घाट चढणाऱ्याच्या मात्र ते थेट डोळ्यांत असते आणि आपण त्याला दिसत नाही. आंबोली चढताना गोष्ट वेगळी आहे. घाट पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे त्याची वळणे सकाळी बराच वेळ डोंगराच्या सावलीत राहतात. वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या त्या डोंगरातून ऑक्टोबरातही पाणी झिरपत असते. म्हणून सावंतवाडीहून नऊ-साडेनऊच्या आधी निघू नये.

घाट उतरला की धोका संपला, असे समजण्याचे कारण नाही. हे भातकापणीचे दिवस असतात. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेले असते, पेंढा पसरलेला असतो आणि कोरड्या पेंढ्यावर ब्रेक लावला तर चाक घसरते. तो त्या माणसांच्या वर्षभराच्या कष्टाचा माल आहे, म्हणून त्याच्यावरून गाडी घालू नये, वेग कमी करून वळसा घ्यावा. पाऊस सरला की चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणी, सुरू होतात आणि चिऱ्यांच्या ट्रकांतून सांडलेली लाल माती फाट्यांवर पसरते. सरीने ती भिजली की तेलासारखी निसरडी होते. आचरा ते मालवण आणि पुढे परुळ्याकडे वाड्यांमधून जाताना दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, असतात, त्यांच्या मागून गुरे, मुले किंवा सायकल अचानक रस्त्यावर येते. तिथे तासाला तीसच्या वर जाऊ नये आणि हॉर्नचा गोंगाटही करू नये. वीज चमकू लागली तर उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, थांबू नये, जवळच्या घराचा आसरा घ्यावा.

उत्तरेकडच्या किनाऱ्याने जाणाऱ्यांना आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ येथे फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते. धक्क्याचा उतार ओला आणि गाळाने बुळबुळीत असतो. त्यामुळे एक दुचाकी पूर्णपणे बोटीत चढल्याशिवाय दुसरीने उतारावर चाक घालू नये. बोटीत गाडी गियरमध्ये ठेवून तिच्याजवळ उभे राहावे.

अपघात झालाच तर पहिली धाव जखमीकडे घेण्यापूर्वी दोघांना वळणाच्या वर आणि खाली पाठवून वाहने थांबवावीत, नाहीतर दुसरा अपघात होतो. श्वास चालू असेल तर जखमीचे हेल्मेट काढू नये, मान हलवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ या क्रमांकांवर फोन करावा. रेंज नसेल तर एकाला घाटमाथ्याकडे किंवा पायथ्याकडे पाठवावे. सिंधुदुर्गातील या मार्गावर कणकवली आणि सावंतवाडी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. प्रत्येकाने आपला रक्तगट आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेला कागद जाकिटाच्या डाव्या खिशात ठेवावा, आणि कोणत्या खिशात आहे हे साऱ्यांना माहीत असावे.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुचाकी गोड्या पाण्याने धुवावी, विशेषतः साखळी, स्पोक आणि इंजिनाखालचा भाग, कारण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने गंज लवकर चढतो. साखळी वाळली की तेल द्यावे आणि घाटात झिजलेले ब्रेकचे पॅड गॅरेजमध्ये दाखवून घ्यावेत.