खेळण्यांच्या कोशात नोंद लिहिताना या चुका टाळा

माळ्यावरच्या खोक्यात सापडलेली छोटी गाडी हातात घेऊन ‘ही नेमकी कोणती?’ असं शोधणारा माणूस हा खेळण्यांच्या कोशाचा खरा वाचक. त्याला खेळण्याचं कौतुक नको असतं, ओळख पटवून हवी असते. म्हणून नोंदीतलं प्रत्येक वाक्य त्याला हातातल्या वस्तूवर पडताळून पाहता आलं पाहिजे. मोटारगाड्या आणि बाहुले यांच्या नोंदी वाचताना काही चुका वारंवार दिसतात. त्यांपैकी पहिली सगळ्यात जास्त नुकसान करते, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त बोलतो.

तळावरचं साल म्हणजे विक्रीचं साल नव्हे

हॉट व्हील्स, म्हणजे मॅटेल कंपनीच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या, यांच्या तळावर कोरलेलं साल कॉपीराइटचं असतं. ते डिझाइन किती जुनं आहे, एवढंच त्यावरून कळतं. तीच गाडी पुढे वर्षानुवर्षं नव्या रंगांत निघते, तळ मात्र बहुधा तोच राहतो. हॉट व्हील्सचे डिझायनर लॅरी वुड यांची ‘बोन शेकर’ ही गाडी २००६ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली आणि नंतर कितीतरी वेळा येत राहिली. हे न सांगता नोंदीत नुसतं एक साल टाकलं, तर दहा वर्षांनंतरची गाडी घेऊन बसलेला माणूस हमखास फसतो. डिझाइन पहिल्यांदा आलं ते साल आणि समोरचा नमुना निघाला ते साल, असे दोन रकाने ठेवा.

दुसरा रकाना भरताना अडलात तर तळ पुन्हा नीट पाहा. अलीकडच्या गाड्यांवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे छापलेले असतात. अक्षरावरून वर्ष कळतं, आकड्यांवरून आठवडा. जुन्या गाडीवर देशाचं नाव शोधा. १९६८ च्या सुमाराच्या हॉट व्हील्स अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये बनत, त्यामुळे तळावर मलेशिया किंवा थायलंड असेल तर गाडी त्या काळातली नाही. चाकांवरची लाल रेघ १९७७ पर्यंतच्या गाड्यांची खूण मानली जाते, पण एकट्या तिच्यावर भरवसा ठेवू नका. कंपनीने पुढे जुन्या गाड्यांच्या आठवणीत काढलेल्या आवृत्त्यांनाही तशी चाकं दिली आहेत.

हीच गफलत आपल्या घरांतल्या जी.आय. जो या अमेरिकी सैनिक-बाहुल्यांबाबत होते. गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने १९८७ पासून खेळणी बनवायला सुरुवात केली आणि ते मूळ बनवणाऱ्या अमेरिकी हासब्रो कंपनीच्या परवान्याने हे सैनिकही काढले. पाठीवर साच्याचं जुनं साल आणि रंग मात्र अमेरिकी सैनिकापेक्षा वेगळे, हे पाहून कुणी त्यांना अमेरिकी नमुन्याच्या नोंदीत कोंबतं, कुणी सरळ ‘नकली’ म्हणून मोकळं होतं. दोन्ही चूक. ती रीतसर भारतीय आवृत्ती आहे, तिला स्वतंत्र नोंद मिळालीच पाहिजे. डिंकी या ब्रिटिश खेळणी-गाड्यांच्या जुन्या साच्यांतून कलकत्त्यात बनलेल्या निकी टॉइजच्या गाड्यांचंही तसंच. या वस्तू इथल्या मुलांनी हाताळल्या, आणि त्यांची माहिती आपण लिहिली नाही तर दुसरं कोण लिहिणार?

‘दुर्मिळ’ लिहून थांबू नका

कशामुळे दुर्मिळ, ते लिहा. हॉट व्हील्सची १९६९ ची फोक्सवॅगन बीच बॉम्ब घ्या. सुरुवातीच्या चाचणी-नमुन्यांत सर्फबोर्ड मागच्या खिडकीतून आत ठेवलेले होते. ती गाडी इतकी अरुंद होती की ट्रॅकवर वेग देणाऱ्या सुपरचार्जर यंत्रातून नीट जाईना. मग बाजू रुंद करून सर्फबोर्ड दोन्ही अंगांना बसवले आणि ती गाडी विक्रीला आली. वेड्यासारखी किंमत येते ती पहिल्या प्रकाराला. नोंदीत फक्त ‘बीच बॉम्ब अतिशय दुर्मिळ’ एवढंच असेल, तर बाजूला सर्फबोर्ड असलेली गाडी बाळगणारा प्रत्येकजण आशेला लागतो आणि ती घेणारा नाडला जातो.

किमती तर नोंदीत नकोतच. विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे किंमत नव्हे.

मापात, रंगात आणि गोष्टीत घसरू नका

‘प्रमाण १:६४’, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढी, हे वाक्य डोळे मिटून चिकटवलं जातं. या गाड्या ठरावीक पाकिटात आणि ट्रॅकवर मावतील अशा बेताने बनतात, त्यामुळे ट्रक आणि छोटी मोटार जवळपास एकाच लांबीची निघते. लांबी मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. रंगाचं कंपनीने दिलेलं नाव असेल तर ते द्या आणि शेजारी डोळ्यांना दिसतो तो रंगही. उन्हात विटलेला रंग म्हणजे नवा प्रकार नव्हे.

तळ गाडीला जोडणारे रिव्हेट (ठोकलेल्या खिळ्या) पोखरलेले किंवा पुन्हा चिकटवलेले दिसले तर चाकं बदललेली असू शकतात. अशा गाडीवरून ‘कारखान्यातली चूक’ अशी नोंद करू नका. न उघडलेल्या पाकिटातला नमुना मिळेपर्यंत थांबा.

बाहुल्यांच्या नोंदीत आणखी एक खोड आढळते. पहिले तीन परिच्छेद त्या पात्राच्या लढायांवर आणि खेळण्याबद्दल शेवटी दोन ओळी. आधी उंची, सांधे, सोबतची शस्त्रं, ती कुठे अडकवायची, कोणता भाग हमखास मोडतो हे सांगा. पात्राची कथा एका वेगळ्या परिच्छेदात पुरे.

सगळ्या खेळण्यांना एकच साचा लावू नका

सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडी फळ किंवा भाजी कोशात घ्यायची म्हटली की नोंदीचा ठरलेला तक्ता कोलमडतो. मालिका क्रमांक नाही, पाकीट नाही, तळावर साल नाही. मग लिहिणारा अंदाजाने ‘शंभर वर्षं जुनं’ असं ठोकून देतो. त्यापेक्षा माप, वजन, रंगकामाचं वर्णन, कुणाकडून आणि कोणत्या साली घेतलं, एवढं लिहा. बनवणाऱ्या कारागिराचं नाव कळलं आणि त्यांची हरकत नसेल, तर ते नोंदीत सगळ्यात वर घ्या. बनवल्याचं साल माहीत नसेल तर तो रकाना रिकामा राहू द्या; पुढे कुणाला पुरावा मिळाला की तो भरता येईल.